कुत्रा आणि मांजरासकट भाड्याचं घर (कर्वेनगर-कोथरूड): सांगून बघायचं की गुपचूप राहायचं?

उंबराखाली | २३ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहिते क्वचित. आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. १९९१ची इमारत, तीन मजले, बारा बिऱ्हाडं. ३० सप्टेंबरला किल्ल्या बिल्डरच्या हातात द्यायच्या. तीन वर्षांचं भाडं बिल्डर देणार आहे, टेम्पोचे आणि एजंटचे पैसेही. तेव्हा पैशांचं रडगाणं नाही. घोडं अडलंय ते आठ पायांपाशी.

चार पाय भुऱ्याचे. वय ९, जात गावठी, कॅनॉलच्या कडेला सापडलेला. दिवसातले सोळा तास झोपतो. भुंकतो फक्त कुरिअरवाल्यावर आणि फटाक्यांवर. उरलेले चार ठकीचे. मांजर, वय ५, सासूबाईंच्या (वय ८४) पायाशी झोपते. सासूबाईंना दिसतं कमी, पण ठकी पलंगावर नाही हे त्यांना अंधारात कळतं.

गेल्या तीन आठवड्यांत एकोणीस घरांना फोन केले. चार प्रत्यक्ष पाहिली. एका काकूंनी सगळं छान ऐकून घेतलं, मग विचारलं, "कुत्र्याला खायला काय देता?" मी म्हटलं, चिकन-भात. "अय्या, मग नाही हो जमणार, आमच्या ओट्यावर अंडंसुद्धा फुटलेलं नाही." एक गृहस्थ लॅब्रॅडॉर असता तर चालला असता म्हणाले, गावठी नको. (लॅब्रॅडॉर भुऱ्याच्या दुप्पट वजनाचा असतो हो काका.) आणि मांजर म्हटलं की हमखास हडपसर. फेब्रुवारीत तिथल्या एका फ्लॅटात तीनशेवर मांजरं असल्याची बातमी आली होती, आठवत असेल. तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक घरमालकाला एका मांजरामागे दोनशे नव्याण्णव दिसतात.

आता मूळ प्रश्न. आमचा एजंट म्हणतो, "मॅडम, कुत्रं महिनाभर बहिणीकडे ठेवा, करार होऊ दे, मग हळूच आणा. मांजराचं तर नावच काढू नका." दीरही तेच म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं, या वयात चोरासारखं राहायचं नाही. मी मधे लटकलेय. तुम्ही काय केलंत?

---

मनीमाऊ७ | २३ ऑगस्ट, रात्री ११.१५

मी लपवलं होतं. औंध, दोन वर्षं, एक मांजर. अनुभव सांगते, निर्णय तुमचा.

पकडले गेलो नाही. पण दोन वर्षं दारावरची बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं. मालक वर्षातून दोनदा "सहज" यायचे. ते येणार म्हटलं की बोक्याला बास्केटमध्ये घालून नवरा गाडीत जाऊन बसायचा, एसी लावून, तासभर. मातीचा डबा गच्चीच्या जिन्यात. एकदा मालकांच्या मिसेसनी सोफ्यावरून केस उचलला आणि म्हणाल्या, "तुमचे केस फार गळतात गं, माका लाव." मी लावते म्हटलं.

खरा फटका घर सोडताना बसला. प्लायवूडच्या कपाटाला खालून वास होता म्हणून डिपॉझिटमधून अठरा हजार कापले. पाच हजारांत झालं असतं ते काम. पण भांडणार कुठल्या तोंडाने? मांजर तर अस्तित्वातच नव्हतं.

---

पारावरचा | २३ ऑगस्ट, रात्री ११.३२

मांजर लपेल. कुत्रा कसा लपवणार? रोज सकाळी साडेसहाला त्याला फिरायला नेताना वॉचमनला काय सांगणार, नणंद आहे म्हणून?

---

दुपारची_झोप | २४ ऑगस्ट, सकाळी ८.०५

लपवायची गरजच काय? कायदा आपल्या बाजूने आहे! सोसायटी पाळीव प्राण्यांना बंदी घालूच शकत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाचं परिपत्रक आहे. प्रिंट काढा आणि चेअरमनच्या तोंडावर मारा.

---

काळा_कोट | २४ ऑगस्ट, सकाळी ११.२०

तोंडावर मारण्याआधी ते वाचावं, ही विनंती.

परिपत्रक २६ फेब्रुवारी २०१५चं. त्यात म्हटलंय की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, कुत्रा मोठा की छोटा, कुठल्या जातीचा, असा भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. बागेत वेळा ठरवून देता येतात. केरळ उच्च न्यायालयाने तर २०२१मध्ये, रहिवाशांना प्राणी पाळायला मनाई करणारी उपविधींतली किंवा करारातली कलमं बेकायदा ठरवली. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण दाखवता येतो.

हे सगळं मुख्यतः सोसायटी विरुद्ध रहिवासी या भांडणातलं आहे. धागाकर्तीचं भांडण तिथवर पोचलेलंच नाही. त्या अजून कुठल्याच सोसायटीच्या रहिवासी नाहीत. घरमालकाने दारातच "नको" म्हटलं तर त्याला घर द्यायला लावेल असा कायदा आपल्याकडे नाही. त्याला कारणसुद्धा द्यावं लागत नाही.

म्हणून सगळी ताकद करारात लावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही ही पुण्यात घट्ट बसलेली समजूत आहे, पण ती चुकीची आहे. मुदत कितीही असो, नोंदणी लागते आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, असंही तिथेच लिहिलंय.

मालक फोनवर "चालेल हो" म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला, यावर थांबू नका. इतर अटींमध्ये दोन ओळी घालून घ्या: कोणते प्राणी, किती, आणि मालकाची संमती आहे. वकिलाची नोटीस येते तेव्हा त्या दोन ओळी कामाला येतात.

आणि लपवण्याबद्दल: करारात "प्राणी पाळणार नाही" अशी अट असेल, तुम्ही सही केलीत आणि नंतर कुत्रा आणलात, तर भंग तुमच्याकडून झाला. मग २०१५चं परिपत्रक फ्रेम करून लावलंत तरी उपयोग नाही.

---

दुपारची_झोप | २४ ऑगस्ट, दुपारी १२.०२

ओके. मी झोपतो.

---

राइनकाठी | २४ ऑगस्ट, दुपारी २.४८

जर्मनीतून लिहितोय, कोलोनजवळून. इथे कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१३मध्ये निकाल दिला की भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी अवैध, प्रत्येक प्रकरण त्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे तोलायचं. हॅमस्टर, मासे यांना तर विचारावंसुद्धा लागत नाही.

ऐकायला छान. प्रत्यक्षात एका घराला पन्नास अर्ज येतात, मालक त्यातला बिनकुत्र्याचा उचलतो आणि "दुसऱ्या कुणाला दिलं" एवढंच कळवतो. आम्हाला अकरा महिने लागले. शेवटी घर मिळालं ते बायकोने अर्जाला कुत्र्याचा फोटो, विम्याचा कागद आणि आधीच्या मालकीणबाईंचं पत्र जोडलं म्हणून. तेव्हा काळा_कोट यांना अनुमोदन, फक्त जास्त थंडीत.

---

खडूस_मालक | २४ ऑगस्ट, रात्री ९.३०

आयडी बघून कळलं असेलच. बाणेरला एक टूबीएचके आहे, भाड्याने देतो. मी प्राणी असलेल्यांना देत नाही. का ते सांगतो, मग हवे तेवढे दगड मारा.

२०२१मध्ये दिला होता. आयटीतलं जोडपं, अतिशय सभ्य, हस्की कुत्रा. पुण्यात हस्की. घरून काम होतं तोवर सगळं ठीक. मग ऑफिस सुरू झालं आणि तो कुत्रा सकाळी नऊ ते रात्री आठ एकटा. त्याने काय केलं असेल? रडला. अकरा तास रडला, रोज. शेजारच्यांचे फोन मला. मेन दरवाज्याचं व्हिनिअर आतल्या बाजूने गुडघ्याच्या उंचीपर्यंत सोलून काढलं. बाल्कनीच्या फरशीत मुरलेला वास दोन पावसाळे गेला नाही. डिपॉझिट साठ हजार, खर्च एक लाख दहा. उरलेले कुणाकडून मागू? ते बंगळुरूला गेले.

त्या कुत्र्याचा मला राग नाही. पण माझं पेन्शन नाही, हे भाडंच माझं पेन्शन आहे.

---

मनीमाऊ७ | २४ ऑगस्ट, रात्री ९.५१

एका हस्कीवरून सगळ्यांना फाशी? आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या दोन मुलांनी हॉलच्या तिन्ही भिंती स्केचपेनने रंगवल्या. मालकांनी पुढच्या वेळी "मुलं नकोत" अशी पाटी लावली का?

---

खडूस_मालक | २४ ऑगस्ट, रात्री १०.०४

भिंत रंगवायला आठ हजार लागतात ताई. सागवानी व्हिनिअरचा भाव विचारून या.

---

पारावरचा | २४ ऑगस्ट, रात्री १०.१०

अवांतर: सर्वोच्च न्यायालयाचा परवाचा दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दलचा सुधारित आदेश आल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे चाललंय ते पाहता, भटकं आणि पाळीव यातला फरकच लोकांच्या डोक्यातून गेलाय. माझ्या पट्टा बांधलेल्या, लस टोचलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून काल एक आजोबा म्हणाले, "आता तुमचं पण शेल्टरला जाणार."

---

उंबराखाली | २४ ऑगस्ट, रात्री १०.३५

खडूस_मालक, दगड नाही मारत. उलट विचारते. काय असतं तर तुम्ही दिलं असतंत?

---

खडूस_मालक | २५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

रात्री झोप येईना म्हणून खरंच विचार केला.

एक, दिवसा घरात माणूस हवं. तुमच्याकडे सासूबाई आहेत, म्हणजे हा प्रश्न सुटला. हे फोनवर पहिल्या वाक्यात सांगा. "कुत्रा आहे" नंतर सांगा. दोन, मला आधी कुत्रा बघायचाय, तुमच्या घरात. तो ज्या घरात नऊ वर्षं राहिला त्या घराचे दरवाजे मला सगळं सांगतील. तीन, नुकसानीचा वेगळा आकडा करारात हवा. डिपॉझिट दुप्पट नको, मी काही सावकार नाही.

आता हे वाचून कुणी बाणेरच्या फ्लॅटबद्दल विचारू नका. तो मार्चपर्यंत दिलेला आहे. मासेसुद्धा नसलेल्या माणसाला.

---

चाव्यांचा_जुडगा | २५ ऑगस्ट, दुपारी १.४०

मी एजंट आहे, बारा वर्षं याच धंद्यात, नळस्टॉप ते वारजे पट्टा. एजंटांना शिव्या घालायच्या असतील तर नंतर, आधी कामाचं.

वेबसाइटवर "पेट फ्रेंडली" चा फिल्टर लावून शोधू नका. ती खूण टाकणाऱ्याने बहुतेक वेळा सगळ्याच चौकटींवर बरोबरची खूण केलेली असते. बॅचलर चालतील, प्राणी चालतील, हत्ती चालेल. फोन केला की खरं कळतं.

मालक कुठे राहतो हे आधी विचारा. त्याच इमारतीत किंवा वरच्या मजल्यावर असेल तर विसरा. नागपूर, नाशिक किंवा परदेशात असेल आणि फ्लॅट गुंतवणुकीचा असेल तर त्याला पाच तारखेला पैसे आल्याशी मतलब. म्हणून वाकड, खराडी, हिंजवडीच्या मोठ्या टाऊनशिपमध्ये कुत्रेवाल्यांना घर मिळतं आणि कोथरूडच्या आठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत मिळत नाही. पण तुम्हाला इथेच हवंय, सासूबाईंचे डॉक्टर इथे असणार, बरोबर?

मग दोन गोष्टी. रीडेव्हलपमेंटमुळे आत्ता कोथरूडमध्ये शेकड्याने कुटुंबं एकदम घर शोधतायत. मालकापुढे रांग आहे, तो कशाला कुत्रा घेईल? त्याच रीडेव्हलपमेंटचा उलटा फायदा घ्या. ज्या इमारतीचा करार बिल्डरशी झालाय पण नकाशे मंजूर व्हायचेत, अशा इमारतीत रिकामा फ्लॅट शोधा. वर्ष-दीड वर्षात पाडायचंय म्हटल्यावर मालकाला दरवाज्याच्या ओरखड्याचं सुतक नसतं. नवा भाडेकरू तिथे जात नाही, कारण पुन्हा हलावं लागेल. तुम्ही जा.

दुसरं: आत्ता गणपती बसतायत, ७ सप्टेंबरपासून पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत कुणी घर बदलत नाही, टोकनसुद्धा देत नाहीत. माझे फोन बंद पडल्यासारखे शांत असतात. मालक मात्र रिकाम्या फ्लॅटचा मेन्टेनन्स भरत बसलेला असतो. त्या वेळी विचारा, तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो.

आणि तुमच्या एजंटने "नंतर हळूच आणा" सांगितलं ना, तो माणूस कमिशन घेऊन मोकळा होणार आहे. नंतर भांडण झालं की त्याचा फोन लागत नाही. आमच्याच धंद्यातला आहे म्हणून सांगतो.

---

शेपूट_डॉक्टर | २५ ऑगस्ट, रात्री ११.०५

दवाखाना बंद करून वाचतेय. पशुवैद्यक आहे.

फाइल तयार ठेवा. रेबीजच्या लशीची चालू तारीख असलेली पुस्तिका, नसबंदीचा कागद, महापालिकेचा परवाना. पुण्यात कुत्र्याचा परवाना आहे हे लोकांना माहीत असतं, मांजरांचीही नोंदणी सुरू झालीय हे कमी जणांना माहीत आहे. फी किरकोळ आहे. पण महापालिकेचा शिक्का असलेला कागद समोर ठेवला की साठीच्या पुढचे घरमालक एकदम मऊ होतात, हे मी पाहिलंय.

मांजराच्या वासाबद्दल, कारण मालकांची खरी भीती तीच असते. नसबंदी न झालेला बोका खुणा करायला भिंतींवर फवारतो, तो वास भयंकर. नसबंदी झालेली मादी मातीच्या डब्यात जाते आणि विषय संपतो. तरी कुठे लागलंच तर अमोनिया असलेलं काही वापरू नका, मांजराला ती आपलीच खूण वाटते आणि ते पुन्हा तिथेच जातं. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा. नवीन घर वरच्या मजल्यावर असेल तर सामान जायच्या आधी जाळी. डासांची नको, ती मांजर दोन नखांत फाडतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची.

बहिणीकडे महिनाभर ठेवण्याबद्दल मात्र मला बोलायचंय. नऊ वर्षांचा कुत्रा, घर तुटतंय, माणसं दिसत नाहीत, आणि मग तिसऱ्याच घरात. नका करू. अशा "महिनाभर" ठेवलेल्या कुत्र्यांपैकी काही न्यायला कुणी परत येत नाही. मेअखेर, शिफ्टिंगचा हंगाम संपला की माझ्या दवाखान्याच्या गेटला सकाळी बांधलेली सापडतात. मागच्या वर्षी एकाच्या गळ्यात पिशवी होती, त्यात त्याचं भांडं, औषधं आणि वेळापत्रक. "सकाळी ७ वाजता अर्धी गोळी." प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा बरोबर वाचलात. कित्येक दशकं बदललेला नाही.

---

म्हापशेकर | २६ ऑगस्ट, सकाळी ९.१२

आमच्या गोव्यात कुत्र्याला घर मिळतं, माणसाला मिळत नाही. अर्धी घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने. मालक म्हणतो कुत्रा असू दे, पण मे आणि डिसेंबरात घर खाली कर.

---

काळा_कोट | २६ ऑगस्ट, सकाळी ११.४०

धागाकर्तीला एक प्रश्न, राग मानू नका. तुमच्या स्वतःच्या सोसायटीत भाडेकरूंना प्राणी ठेवायला परवानगी होती का? विचारायचं कारण, नव्या इमारतीचे नियम ठरतील तेव्हा हा विषय पुन्हा येईलच.

---

उंबराखाली | २९ ऑगस्ट, रात्री १२.२०

तीन दिवस उत्तर दिलं नाही. दीड दिवसाचा गणपती होता हे एक कारण. दुसरं खाली लिहिते.

परवानगी नव्हती. २०१७ साली कमिटीने ठराव केला: सभासदांचे पाळीव प्राणी चालतील, भाडेकरूंचे नाहीत. तेव्हा सेक्रेटरी मी होते. ठराव माझ्या अक्षरात आहे. परवा बिल्डरला द्यायला जुनी मिनिट बुकं काढली तेव्हा पान समोर आलं.

दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं होतं, बीगल जातीचं पिल्लू आणलं होतं. तक्रार एकच, जिन्यात एकदा घाण झाली होती, ती त्यांनी लगेच पुसलीही होती. पण आम्हाला भाडेकरू म्हणजे तात्पुरती माणसं वाटायची. "आज आहेत, उद्या नाहीत, त्यांचं काय ऐकायचं" हे वाक्य मी म्हटलेलं मला चांगलं आठवतंय. आणि गंमत म्हणजे भुऱ्या तेव्हा वर्षाचा होता, आमच्याच घरात, दिवसभर भुंकायचा. माझ्याविरुद्ध कुणी ठराव केला नाही. मी मालकीण होते ना.

महिन्याभरात ते गेले. पिल्लाचं काय केलं, विचारलं नव्हतं.

काळा_कोट, तुम्ही सांगितलेलं परिपत्रक २०१५चं. म्हणजे ठराव लिहिला तेव्हा दोन वर्षं जुनं होतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काही फरक पडला असता असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

---

मनीमाऊ७ | २९ ऑगस्ट, सकाळी ८.३०

काय बोलू कळत नाही. पण लिहिलंत हे बरं केलंत.

---

खडूस_मालक | २९ ऑगस्ट, सकाळी ८.५५

धाग्यावर मी एकटाच खलनायक नाही हे वाचून बरं वाटलं. (हलकेच घ्या.)

---

उंबराखाली | १० सप्टेंबर, रात्री ९.४५

प्रगती. चाव्यांचा_जुडगा म्हणाले तसं पितृपंधरवड्यात फोन सुरू केले. आवाज खरंच वेगळे येतायत. जिथे ऑगस्टमध्ये "नाही" होतं तिथे आता "बघू, किती मोठा आहे कुत्रा?" आलंय.

वाक्यांचा क्रमही बदलला. आधी "घरात ८४ वर्षांच्या सासूबाई असतात, दिवसभर घर उघडं", मग "आमचं स्वतःचं घर रीडेव्हलपमेंटला गेलंय, भाडं बिल्डर देतोय", आणि मग भुऱ्या-ठकी. लपवायचं नाही हे पक्कं केलंय. सासूबाईंनीच निकाल लावला. म्हणाल्या, "ठकी विचारल्याशिवाय म्याव करते, मी काय तिच्या तोंडावर हात ठेवून बसू?"

एक घर मिळता मिळता गेलं. लोहगाव, तळमजला, पुढे अंगण, कुत्रा-मांजर दोन्ही चालेल, भाडंही कमी. इतकं सगळं छान का, म्हणून मी आणि नवरा संशयाने बघतोय, तेवढ्यात डोक्यावरून सुखोई गेलं. भुऱ्या गाडीत होता. तो सीटच्या खाली जो शिरला, तो कर्वेनगर येईपर्यंत बाहेर आला नाही.

---

पारावरचा | १० सप्टेंबर, रात्री १०.००

देशाचं संरक्षण करणाऱ्यांना भुऱ्याचा असहकार. नोंद घेतली आहे.

---

उंबराखाली | २४ सप्टेंबर, रात्री १०.१५

मिळालं! एरंडवण्यात, आधीच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. तळमजला, १९८०च्या दशकातली इमारत, बिल्डरशी करार झालेला, नकाशे अडकलेले. म्हणजे चाव्यांचा_जुडगा यांनी सांगितलं तंतोतंत तसंच. मालक नाशिकला. ते येऊन भुऱ्याला बघून गेले, आमच्या घरातले दरवाजेही बघून गेले (खडूस_मालक, तुमचीच जात). पितृपंधरवड्यात टोकन घ्यायला मात्र तयार होईनात. "पैसे तयार ठेवा, घटस्थापनेला घेतो." तसे परवा घेतले, काल नोंदणी झाली.

वाईट बाजूही लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला फार गुलाबी वाटेल. एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडावं लागेल, म्हणजे पुढच्या वर्षी हाच धागा वर येऊ शकतो. बाथरूमची भिंत ओली आहे. भाडं बिल्डर देतो त्याहून तीन हजार जास्त, ते आमच्या खिशातून.

काळा_कोट यांनी मसुदा वाचून दिला, त्यांचे आभार. करारात घातलेली अट जशीच्या तशी देते, कुणाला उपयोगी पडेल ("परवाना घेणार" म्हणजे भाडेकरू, "परवाना देणार" म्हणजे मालक):

"परवाना घेणार यांच्यासोबत सदर सदनिकेत एक कुत्रा (गावठी, नर, वय ९ वर्षे) व एक मांजर (मादी, वय ५ वर्षे) राहणार असून त्यास परवाना देणार यांची संमती आहे. सदर प्राण्यांमुळे सदनिकेचे नुकसान झाल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च, बिल दाखवून, कमाल रु. २५,०००/- पर्यंत अनामत रकमेतून वळता करता येईल. याव्यतिरिक्त सदर प्राण्यांपोटी कोणतीही रक्कम देय राहणार नाही."

"बिल दाखवून" हे दोन शब्द मनीमाऊ७च्या अठरा हजारांमुळे आले.

---

मनीमाऊ७ | २४ सप्टेंबर, रात्री १०.२२

माझ्या बोक्याला सांगते. अभिनंदन!!

---

चाव्यांचा_जुडगा | २५ सप्टेंबर, सकाळी १०.३०

अभिनंदन मॅडम. एरंडवण्यातलं ते घर माझ्या यादीत नव्हतं याचं वाईट वाटतंय.

---

उंबराखाली | २९ सप्टेंबर, दुपारी ४.१०

शनिवारी आलो राहायला. भुऱ्याने पहिल्या तासात सगळं हुंगलं आणि पुढच्या दारात आडवा झाला, जसा काही तोच मालक. ठकीचं मात्र अवघड आहे. ओट्याखालच्या ट्रॉलीच्या मागे जाऊन बसलीय, दोन दिवस. रात्री थोडं पाणी पिते, पुन्हा आत. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्यात, हलायला तयार नाहीत. शेपूट_डॉक्टर, बाहेर काढू का?

---

शेपूट_डॉक्टर | २९ सप्टेंबर, दुपारी ४.४५

अजिबात ओढू नका. खाणं आणि मातीचा डबा तिथेच, ओट्याजवळ सरकवा. जुन्या घरातली न धुतलेली चादर असेल तर ती ट्रॉलीपाशी ठेवा. उद्या रात्रीपर्यंत काहीच खाल्लं नाही तर मात्र फोन करा. आणि खुर्ची तिथेच राहू दे.